हे नको म्हणतात

चहाचा कप अर्ध्यावर ठेवून नवरा म्हणाला, "तुझी ती वकील मैत्रीण आली होती आज दुकानात," आणि छोटीच्या हातातला चमचा साखरेच्या डब्यात तसाच उभा राहिला. छोटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. वसतिगृहातल्या एका खोलीत चौघी राहत होत्या, त्यांच्यात ती बुटकी, म्हणून कुणीतरी ठेवलेलं नाव. आता पन्नाशी हाकेवर आली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी त्या तिघींसाठी ती छोटीच होती. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान बाजाराच्या रस्त्यावर, घरापासून चालत जाण्याइतकं. मैत्रिणींपैकी कुणी त्या दुकानाची पायरी कधी चढली नव्हती. चढू नये, अशी व्यवस्था छोटीने आजवर न बोलता, सांभाळून ठेवली होती.

"चष्म्याची काडी ढिली झाली होती तिची," तो म्हणाला. "बसवून दिली."

"बरं."

"मग बोलली जरा."

"काय बोलली?"

बशीत सांडलेला चहा त्याने पुन्हा कपात ओतला. अवघड काही बोलायचं असलं की तो असं हाताशी काम शोधायचा. "मी म्हणे तुला परदेशी जाऊ देत नाही. मैत्रिणींबरोबर. सगळ्यांचं ठरलंय, एकट्या माझ्यामुळे अडलंय. म्हणाली, आजच्या काळात असा माणूस असतो यावर विश्वास बसत नाही."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, हो, माझंच चुकतंय."

"असं कसं म्हणालात!"

"अगं, बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती. आणि मी नाही म्हटलं असतं तर तू खोटी पडली असतीस ना तिच्यापुढे." उरलेला चहा त्याने एका घोटात संपवला. मग अगदी साध्या कुतूहलाने विचारलं, "कुठे जाणार आहात पण?"

त्या विचारण्यात टोमणा असता तर तिला बरं वाटलं असतं. टोमण्याला फणकारा चालला असता, आवाज चढवता आला असता, तुम्हाला कधी सांगायचं, तुम्ही असता कुठे, असं काहीतरी उलटं अंगावर टाकता आलं असतं. पण तो खरंच विचारत होता. शेजारच्या घरातली बातमी ऐकावी तसा हनुवटीवर हात ठेवून, भुवया किंचित वर करून. छोटीने चमचा बाहेर काढला, चहात बुडवला, आणि चहात साखर आधीच घातलेली आहे हे लक्षात येऊनही ढवळत राहिली. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. लहानपणी शाळेत चोरी पकडली गेली की अशाच तापायच्या. मधली सगळी वर्षं जणू ती ऊब तिथेच कुठेतरी दडून बसली होती. "तीन शहरं आहेत," ती म्हणाली. आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला. "खरेदी वगैरे. असंच."

"वा," तो म्हणाला. "जायचंय का तुला?"

"माहीत नाही."

"मग तसं सांग की त्यांना."

"कसं सांगू?"

यावर त्याने खरोखर विचार केला. "नसेल सांगता येत तर राहू दे. माझ्यावर ढकललंयस ते ढकललेलंच असू दे. मी थोडाच तुमच्यात येऊन बसणार आहे?" आणि तो हसला. मग उठला, स्वतःचा कप स्वतः विसळला, जे तो एरवी कधी करत नसे, आणि विसळलेला कप पुन्हा एकदा विसळला.

"अजून काही म्हणाली का ती?" छोटीने त्याच्या पाठीला विचारलं.

"नाही," पाठ म्हणाली. "एवढंच."

तीन शहरं. पहिलं बाजारांचं, गल्लीत गल्ली, एका गल्लीत नुसत्या पर्सा, दुसरीत नुसते बूट. दुसरं समुद्राकाठचं, जिथे सूर्य बुडाल्यावर लोकांना जाग येते आणि उजाडेपर्यंत नाचतात. तिसरं उंच इमारतींचं, जिथे गच्च्यांवर मद्यालयं आहेत आणि खाली वाकून पाहिलं की गाड्या मुंग्यांसारख्या दिसतात. यातलं बहुतेक सगळं छोटीनेच शोधून काढलं होतं. बँकेत मॅनेजर असलेली एक, जिला त्या मॅनेजरच म्हणत, तिने नुसतं म्हटलं होतं, आता मुलं मोठी झाली, एकदा आपण चौघी कुठेतरी उधळू या. कपड्यांचं दुकान चालवणारी, सदान्कदा चिवचिवणारी चिमणी त्यावर खूश झाली. वकील म्हणाली, मला नाचायचंय, मी कधी नाचलेच नाही. आणि छोटी कामाला लागली. डेंटल लॅबमध्ये जेवणाच्या सुटीत, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात फोन, ती त्या अनोळखी शहरांतून हिंडायची. कुठलं हॉटेल बाजाराला जवळ, कुठल्या नाचघरात बायकांना फुकट प्रवेश, कुठल्या गच्चीवर आधी जागा धरावी लागते, हे सगळं तिला तोंडपाठ झालं होतं. तिने मैत्रिणींना चमचमणारे कपडे पाठवले, हे तू घाल, हे मी घालते. आणि त्या फोनमधली, काळ्या टिकल्यांच्या झग्यातली, गच्चीच्या कठड्याला टेकून उभी असलेली छोटी तिला मनापासून आवडायची. तिचं सगळं सरळ होतं. तिला घाम येत नव्हता, कुणी हात धरून ओढलं तर ती लाकडासारखी ताठ होत नव्हती. मग मॅनेजरने लिहिलं, चला, पुढच्या आठवड्यात तिकिटं काढून टाकू, पासपोर्टचे फोटो पाठवा. आणि छोटीच्या पोटात नेहमीचा गोळा आला. वसतिगृहाच्या निरोपसमारंभात या तिघींनी तिला असंच मध्ये ओढलं होतं, गाणं जोरात चाललं होतं, भोवती सगळ्या टाळ्या वाजवत होत्या, आणि ती खुंटासारखी उभी राहिली होती. हात कुठे ठेवायचे हेच तिला कळेना. शेवटी टाळ्या आपोआप थांबल्या. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर विसरली असती. आताही ती पोटातल्या गोळ्यासकट मोरीत जाऊन उभी राहिली, आणि मग अंगठ्यांनी लिहिलं, गेली कित्येक वर्षं लिहीत, म्हणत आली होती ते: मी विचारलं गं. हे नको म्हणतात.

किती सोयीचे शब्द होते ते. पहिल्यांदा कधी वापरले हेही तिला लख्ख आठवत होतं. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी चौघी एका हॉटेलात जमल्या होत्या. मॅनेजरचा नवरा आईला विचारल्याशिवाय पाणी पीत नव्हता, चिमणीचा पैशाला चिकट, वकिलीण नुसतीच हसून विषय बदलत होती. तक्रारींच्या थाळ्या टेबलावरून फिरत होत्या, प्रत्येकीकडे वाढायला काही ना काही होतं, आणि मग सगळ्या छोटीकडे वळल्या. आणि तुझा? छोटीकडे काहीच नव्हतं. तिचा नवरा गिऱ्हाइकाच्या कानामागे काडी टोचत तर नाही ना हे बोटाने चाचपून बघणारा माणूस, घरीही तसाच. बटण तुटलं तर स्वतः लावायचा. तिला रडू आलं तर कारण न विचारता जवळ बसून राहायचा. हे काय सांगायचं? ते सांगणं म्हणजे त्या तिघींच्या ताटात मीठ फेकण्यासारखं झालं असतं, असं तेव्हा तिला वाटलं. निदान तसं वाटलं असं ती पुढे स्वतःला समजावत राहिली. ती उसासा टाकून म्हणाली, "आमच्याकडचं काय, विचारूच नका." तिन्ही हात एकदम तिच्या हातावर आले. बिचारी, चिमणी म्हणाली. त्या शब्दाची चव गोड होती. जिभेवर ठेवून चघळावी इतकी गोड.

मग तो माणूस वाढत गेला. सिनेमाला यायचं नसलं की तो नको म्हणायचा, मुक्कामी जायचं नसलं की त्याच्या कपाळाला आठी पडायची. हळूहळू तो फोन तपासायला लागला, उशीर झाला की दारात उभा राहायला लागला. त्याला आवाज आला, चाल आली, खाकरण्याची एक पद्धत आली. मैत्रिणींना तो इतका नीट माहीत झाला की त्या त्याची नक्कल करायच्या आणि छोटी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. कधी कधी तर त्यांच्याकडून घरी परतताना तिला खराच राग आलेला असायचा, आणि दार उघडून समोर येणाऱ्या, खांद्यावर टॉवेल टाकलेल्या या दुसऱ्या माणसाशी ती संध्याकाळभर तुटक वागायची. तो बिचकून विचारायचा, माझं काही चुकलं का? तेव्हा तिला त्याचाही राग यायचा. आपण इतकं वाईट बोलून आलो, आणि याला त्याचा पत्ता नाही, म्हणून.

लॅबमध्ये दुसऱ्या दिवशी तिच्या हातून दातावर बसवायची एक कॅप वाया गेली. दवाखान्यातून दाताचा साचा आलेला होता, समोरचा दात, तरुण मुलीचा. पोर्सिलेनचे थर ब्रशने चढवताना तिचा हात एरवी कधी चुकत नसे. शेजारच्या दातांशी छटा जुळली पाहिजे, जास्त पांढरा झाला की लगेच कळतो, हे ती नवीन आलेल्यांना शिकवायची. आज भट्टीतून निघाला तो खडूसारखा. तिने तो बाजूला ठेवला आणि नवीन साच्यावर सुरुवात केली. खोलीत प्लास्टरचा ओलसर वास होता, घासण्याच्या यंत्राची घरघर होती, आणि तिच्या शेजारी ते गोल लाकडी स्टूल होतं, ज्यावर तीन वर्षांपूर्वी वकील येऊन बसली होती. न कळवता. दुपारची. कोर्टातून सरळ, गळ्याशी पांढरी पट्टी तशीच. "तू काम कर," ती म्हणाली होती, "मी नुसती बसते." आणि मग थोड्या वेळाने, छोटीच्या हातातल्या ब्रशकडे बघत, अगदी सपाट आवाजात तिने सांगितलं होतं. नवरा तिला न्हाणीघरात कोंडून ठेवतो. कामावर जायची वेळ झाली की दार उघडतो आणि म्हणतो, जा, आता दुसऱ्यांना न्याय दे. एकदा दाराच्या फटीत बोटं मुद्दाम चेंगरली. ऑफिसात तिने सांगितलं, गाडीच्या दारात सापडली. "कुणाला बोलले नाही," वकील म्हणाली होती. "त्या दोघींना सांगितलं तर मला पोलिसांत नेतील, नाहीतर रडतील. तुला सांगते, कारण तुला कळेल. तुझ्याकडेही तेच आहे."

तेव्हा सांगायचं होतं. याहून स्पष्ट वेळ माणसाला मिळत नाही. ब्रश खाली ठेवायचा आणि म्हणायचं, नाही गं, माझ्याकडे तसं काही नाही, मी खोटं बोलत आले, पण तू चल, आत्ता उठ, आमच्या घरी चल. छोटीच्या मनात हे सगळं आलं होतंही. पण वकिलिणीचे डोळे तिच्यावर लागलेले होते, दुखऱ्या बोटांचा हात मांडीवर उलटा पडलेला होता, आणि आपण जर आता एकदम सुखी निघालो तर हिला केवढं उघडं पडल्यासारखं वाटेल, असा एक विचार आला, चांगुलपणाचा सदरा घालून आला, आणि त्याच्या मागोमाग दुसरा, ज्याच्या अंगावर काहीच नव्हतं: ही मग माझ्याशी बोलणार नाही. छोटी म्हणाली होती, "आमचे पण कधी कधी... हात..." एवढंच. वाक्य तिथेच सोडून ती भट्टीकडे वळली होती. पुरं केलं नाही म्हणजे खोटं बोललो नाही, असा काहीसा हिशेब असावा. पाठीमागे वकिलिणीने ते मनातल्या मनात पुरं केलं होतं. उठून आली होती आणि प्लास्टर लागलेल्या छोटीला तिने मागून घट्ट मिठी मारली होती. सहा महिन्यांनी ती नवऱ्याला सोडून बाहेर पडली. सगळ्यांना सांगायची, छोटीमुळे बळ आलं. ती ते सगळं सोसून उभी आहे, म्हटलं, मग मला का जमू नये. हे ऐकताना छोटी खाली मान घालायची, आणि मैत्रिणींना तो विनय वाटायचा.

आता त्या स्टुलाकडे बघवेना. तिने ते पायाने टेबलाखाली सरकवलं. कालपासून मनात एकच चित्र पुन्हा पुन्हा येत होतं: दुकानातल्या काचेच्या कपाटासमोर वकील उभी आहे, काडी हे नुसतं निमित्त, कोर्टातल्यासारखा आवाज लागलेला, आणि समोर तो, फडक्याने काच पुसत, मान हलवत, हो, माझंच चुकतंय. बाकावरच्या दोन गिऱ्हाइकांना काय वाटलं असेल? ती पुन्हा येतील का? त्याने हे घरी आणलं तेही बशीतल्या चहाएवढंच. रविवारी मॅनेजरच्या घरी चौघींनी जमायचं, तिकिटांचं काय ते नक्की करायचं, असं ठरलेलं होतं. रविवारी सांगू, छोटीने स्वतःला बजावलं. आधी वकिलिणीला, एकटीला. मग बाकीच्यांना कळलं तरी चालेल.

रविवारी मॅनेजरच्या दिवाणखान्यात टीपॉयवर नकाशा पसरलेला होता, खराखुरा कागदी, चिमणीने कुठून तरी पैदा केलेला. तीन शहरांवर तिने लिपस्टिकने गोल काढले होते. "रिकामी बॅग न्यायची आणि भरून आणायची," चिमणी सांगत होती, "मी तर आतले कपडेसुद्धा तिथेच घेणार!" मॅनेजर हसून हसून खोकत होती. छोटीचा नवरा सकाळी म्हणाला होता, संध्याकाळी त्याच बाजूला लेन्सा आणायला जायचंय, तुला घेऊन येईन, खाली थांबेन. छोटीने हो म्हटलं होतं. तिला नाचता न येण्याची, हात कुठे ठेवावेत हे न कळण्याची आठवण या खोलीत पुन्हा होत होती, कारण सगळ्या तिच्याशी जरा जपून बोलत होत्या. आजारी माणसापुढे जेवणाची वर्णनं करू नयेत तसं तिच्याकडे बघून मधेच थांबत होत्या. वकील पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली तशी छोटी तिच्या मागे गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

"तू दुकानात गेली होतीस," ती म्हणाली.

"गेले होते. आणि परत जाईन." वकिलिणीने पेला ओट्यावर ठेवला. "घरी काही बोलला का तो तुला? त्यावरून काही केलं का?"

"अगं, नाही. ऐक माझं. ते तसे नाहीत. त्यांनी कधीच नको म्हटलं नाही. त्यांना या सहलीचं माहीतही नव्हतं. मीच खोटं बोलत आले, पहिल्यापासून. ते फार चांगले आहेत गं, खरंच."

बोलून झालं. इतकी वर्षं घशात असलेलं, आणि निघालं ते एका दमात. छोटीने डोळे मिटले आणि थोबाडीत बसायची वाट पाहिली. त्याऐवजी तिच्या गालावर एक थंड, ओला तळवा आला.

"मीही असंच म्हणायचे," वकील हलक्या आवाजात म्हणाली. "शब्द न् शब्द असाच. ते फार चांगले आहेत. चूक माझीच. भावाने विचारलं, आईने विचारलं, डॉक्टरने विचारलं, सगळ्यांना हेच."

"नाही, तसं नाही, मी खरंच..."

"माहीत आहे. खरंच वाटतं आपल्याला ते." आणि मग तिने छोटीचा हात हातात घेतला, आणि बाळाचं झबलं सारावं इतक्या हळुवारपणे तिच्या बाहीचं टोक कोपरापर्यंत वर सारलं. हात उलटा केला. खिडकीच्या उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला. त्या गोऱ्या, कोऱ्या, कुणी कधी साधं पिरगाळलंही नसेल अशा हाताकडे छोटीही पाहत राहिली. तिला वाटलं, आता इथे खरोखरच एखादा वण निघावा. "दिसेल असं मारत नाहीत," वकील स्वतःशीच म्हणाली आणि बाही पुन्हा खाली ओढून मनगटाशी नीट केली.

तेवढ्यात बाहेर घंटी वाजली. चिमणीचा आवाज एकदम बंद झाला. छोटी बाहेर आली तर दारात तो उभा होता, बगलेत लेन्सांचं खोकं. खाली थांबणार होता, वर का आला कुणास ठाऊक. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला कळेना की त्याला झालंय काय. खांदे ताठ होते. मान मागे टाकलेली होती. कपाळाला आठी होती, पण ती भलत्याच जागी पडली होती, डोकं दुखणाऱ्या माणसाच्या कपाळाला पडते तिथे.

"झालं का तुमचं?" तो खाकरून म्हणाला. इतक्या मोठ्याने तो गेल्या कित्येक वर्षांत बोलला नव्हता. "किती वेळ चालायचं हे? घरी कामं नाहीत वाटतं?"

चिमणीने लिपस्टिकचं झाकण लावलं. वकील छोटीच्या मागे येऊन उभी राहिली होती. तिचा श्वास छोटीला मानेवर लागत होता.

"आणि सहलीचं डोक्यातून काढून टाक," तो म्हणाला. शेवटी शेवटी त्याचा आवाज थोडा चिरकला. "सांगून ठेवतो. चल."

छोटी त्याच्या मागोमाग निघाली. चपला कशा घातल्या, दार कुणी लावलं, तिला कळलं नाही. जिना अंधारा आणि थंड होता. एक मजला तो तसाच ताठ, पाय आपटत उतरला, आणि मग वळणावर, वरून आपण दिसत नाही याची खात्री करून, एकदम सैल होऊन तिच्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर घाम होता. डोळे चमकत होते.

"जमलं का गं मला?" त्याने विचारलं. "म्हटलं, तू आत एकटी त्यांना तोंड देत असशील. वर जाऊन एकदाचा शिक्का मारून टाकावा. जरा जास्त झालं का?"

छोटी जिन्याच्या भिंतीला टेकली. भिंतीचा गारवा पाठीत शिरला. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं तिने ज्याला घडवलं, आठी दिली, आवाज दिला, तो माणूस या साध्या माणसाच्या अंगात शिरला होता आणि त्याला मुळीच बसत नव्हता. मोठ्या भावाचा कोट घातलेल्या मुलासारखा तो दिसत होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चला," ती म्हणाली. "वर चला."

"आता कशाला? आत्ताच तर..."

"चला हो."

दार चिमणीने उघडलं. छोटी उंबऱ्यातच उभी राहिली, पुढे पाऊल टाकवेना, नवऱ्याची बाही तिने मुठीत धरलेली होती. आणि ती बोलली. या वेळी 'ते चांगले आहेत' असं ती म्हणाली नाही, स्वतःबद्दलच बोलली. मला तुमच्यासारखं मोकळं होता येत नाही, ओढून नेलं की मी लाकूड होते, आणि भीती वाटते असं म्हणायची लाज वाटते. म्हणून मी यांना पुढे केलं. आठी, खाकरणं, फोन तपासणं, सगळं माझ्या मनचं. आत्ता जे बघितलंत ते यांनी माझ्यासाठी केलेलं सोंग होतं. मग ती वकिलिणीकडे वळली. "आणि लॅबमध्ये मी तुला म्हटलं होतं, यांचे पण हात. पुढे काही नव्हतं गं. यांनी बोटही लावलेलं नाही मला. तू बोटांचं सांगत होतीस, मला तुझ्याजवळ बसायचं होतं, आणि माझ्याकडे काहीच नव्हतं, म्हणून मी ते बोलले."

खोलीत पंखा फिरत होता आणि नकाशाचं एक टोक वर उचलून खाली टाकत होता. चिमणीने मॅनेजरकडे पाहिलं, मॅनेजरने जमिनीकडे. वकील मात्र छोटीच्या नवऱ्याकडे पाहत होती, टक लावून, उलटतपासणीत पाहतात तसं. आणि तो गोंधळून एकदा तिच्याकडे, एकदा बायकोकडे पाहत, बगलेतलं खोकं या हातातून त्या हातात घेत होता. त्याच्या कपाळावर आता एकही आठी नव्हती. तिथेच वकिलिणीला ते पटलं असावं. तिचे खांदे खाली आले.

"मी तुम्हाला त्या दिवशी," ती त्याला म्हणाली, "पुन्हा हिच्या अंगाला हात लावलात तर हातात बेड्या घालीन, म्हटलं. लोकांसमोर."

छोटीच्या मुठीतली बाही सुटली. एवढंच, तो म्हणाला होता. कप दोनदा विसळला होता.

"असू दे हो," तो म्हणाला. "तुम्ही काळजीपोटी..."

"तुम्ही ऐकून घेतलंत."

"गिऱ्हाइकं होती," तो ओशाळून म्हणाला.

वकिलिणीने त्याच्यापुढे हात जोडले. आणि मग ती छोटीकडे वळली. ती ओरडेल, असं छोटीला वाटलं होतं; ती ओरडावी असं वाटत होतं. पण तिचा आवाज स्टुलावर बसून बोलली होती तितकाच सपाट होता. "मला रात्री झोप यायची नाही ना तेव्हा," ती म्हणाली, "मी मनात म्हणायचे, छोटीही आत्ता जागी असेल. आपण दोघी आहोत." ती थांबली. "म्हणजे मी एकटीच होते तर."

वकिलिणीने सोफ्यावरची पर्स उचलली, ओढणी सारखी केली आणि वाट द्यायला आत सरकलेल्या त्या दोघांच्या मधून ती दाराबाहेर जाऊन चपला घालू लागली. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि तोंडाला येईल ते बोलणारी मॅनेजर म्हणाली, "मग तिकिटं... किती जणींची काढायची?"

"चौघींची काढा की," छोटीचा नवरा म्हणाला, त्याच्या नेहमीच्या, हळू आवाजात. "जाऊ दे हिला पण."

चपलेचा पट्टा लावत, मान वर न करता वकील म्हणाली, "तिघींची."

तिने दार आपटलं नाही. हळूच ओढून घेतलं, आत कुणी झोपलेलं असावं तसं. तिची पावलं जिन्यावरून खाली खाली जात ऐकू येईनाशी झाली. छोटी बंद दाराकडे बघत उभी होती, कानांच्या पाळ्या जळत होत्या, खोलीतल्या कुणाकडेही पाहण्याची सोय उरली नव्हती. आणि त्या सगळ्याच्या पार तळाशी, जिथे आता काही उरलं नसेल असं तिला वाटलं होतं, तिथे पोटातला तो गोळा हलकेच सुटला. आता जावं लागणार नव्हतं. तिला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याचं तिला स्वच्छ कळलं.